ताब्याची बाई

आमच्या कॉलनीत हल्ली चार पुरुष एकत्र बसले की शेठच्या गोष्टी निघतात. शेठ पांढऱ्या गाडीतून कसा यायचा, कुणाच्या कानाखाली कशी वाजवली, कुणाला लिंबाच्या झाडाला कसं बांधून ठेवलं. सांगणारे तेव्हा दारं लावून घरात बसलेले होते हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी त्यांच्या बायकांची ब्लाऊजं शिवते आणि माप देताना बायका खरं बोलतात. आता शेठचं बायपासला मंगल कार्यालय आहे. पोराच्या वाढदिवसाला चौकात बॅनर लागतो. भीती गेली अन् कौतुक उरलं. पोरंटोरं तर डोळे फाडून ऐकतात, जसं काही त्या माणसानं आमच्यासाठी धरणच बांधलं. मला या गोष्टींचा मनापासून वैताग येतो.

कारण शेठनं कुणाला झाडाला बांधून जमिनी मिळवल्या नाहीत. त्यानं जमिनी मिळवल्या त्या एका बाईला बसवून. तिचं नाव जैनाबी, आम्ही तिला जैनाखाला म्हणायचो, खाला म्हणजे मावशी. या गप्पांमध्ये तिचं नाव कुणी काढत नाही. मला मात्र तिची इतकी आठवण येते की कधीकधी मशीन थांबवून मी नुसती बसून राहते.

आधी तो धंदा काय होता ते सांगते. बायपास ओलांडला की डोंगराकडं सगळी गुंठेवारी. शेतकऱ्यानं रान तुकडे पाडून विकायचं, बॉन्ड पेपरवर सह्या करायच्या, झालं. बिडकीनचा, कन्नडचा, कुठलाकुठला नोकरदार माणूस पोटाला चिमटा काढून एक तुकडा घ्यायचा आणि पुढं कधीतरी बांधू म्हणून चार दगड पुरून निघून जायचा. शेठची माणसं असे रिकामे तुकडे हेरायची. मालक कधी सुट्टीला आला तर त्याच्या तुकड्यावर घर उभं. पोलीस म्हणायचे, हे दिवाणी प्रकरण, कोर्टात जा. कोर्टात जायची ताकद कुणाकडं? मग शेठचा एखादा गोडबोल्या माणूस चहा पाजून सांगायचा, थोडंफार घ्या आणि सही करून मोकळे व्हा. याला म्हणायचे ताबा मारणं. त्यासाठी तिथं राहणारं माणूस लागतं, आणि ते बाईमाणूस असलं की लई बरं, तिला हात धरून कोण बाहेर काढणार? जैनाखालाचं काम तेवढंच. राहायचं.

ती आली ती सकाळ मला स्वच्छ आठवते. आमच्या घरासमोरचा प्लॉट वाघ कंडक्टरचा. तो नांदेडकडं कुठल्या डेपोला होता, वर्षानुवर्षं प्लॉटवर नुसतं गवत. तेव्हा बसच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं असायचं, एवढी जुनी गोष्ट. टेम्पो आला, माणसांनी जुन्या विटा चिखलात रचल्या, वर गंजलेले पत्रे टाकले, एक म्हातारं दार बसवलं आणि जेवणाच्या वेळेला निघून गेली. मग टेम्पोत पुढं बसलेली बाई खाली उतरली. पन्नाशीकडं झुकलेली, काटक, तोंडात तंबाखू, नऊवारीसारखी खोचलेली गोल साडी. आता तिला ते घर जुनं करायचं होतं.

मी ओट्यावर गहू निवडायचं नाटक करून सगळं बघितलं. चुलीचे तीन दगड ती बरोबर घेऊनच आली होती, काजळी धरलेले. त्यावर ओली बाभळ पेटवली आणि धूर भिंतीला लागू दिला. उंबऱ्यापाशी खरकटं पाणी ओतत राहिली. दारापासून रस्त्यापर्यंत रिकामी कळशी कमरेवर घेऊन येरझाऱ्या घातल्या, गवतात पायवाट पडेपर्यंत. एका खिळ्याला मागच्या कितीतरी वर्षांची कॅलेंडरं एकावर एक लटकवली. तुपाच्या डब्यात लावलेली तुळस दारात ठेवली, शेजारी कोरफड. शेवटी दोरी बांधून तिच्यावर कपडे वाळत घातले. दोन लुगडी, एक लुंगी, आणि लहान पोरींचे दोन फ्रॉक, एक लाल, एक फुलाफुलांचा. संध्याकाळी आमचे हे शेंद्र्याच्या कंपनीतून आले, गाडी बंद करून तसेच उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे घर सकाळी होतं का गं?"

नंतर चौकशी करून आले आणि मला तंबी दिली, "त्या बाईशी बोलायचं नाही. ताब्याची बाई आहे ती." मी बरं म्हटलं. पण शहाण्या माणसानं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येणाऱ्या गावात असले नियम करू नयेत. टँकर कधी येईल ते कुणाला सांगता यायचं नाही, आणि गल्लीत दिवसभर घर न सोडणारी बाई एकच. हळूहळू सगळ्यांच्या टाक्यांचे पाइप खालाच्या ताब्यात गेले. मग गॅसचं सिलेंडर, मग घरांच्या किल्ल्या, मग शाळेतून लवकर सुटलेली पोरं. ती दारात डबा पालथा घालून बसलेली असायची, तोंड कायम रस्त्याकडं. भाजीवाल्याला शिव्या द्यायची, अनोळखी माणसाला "कोन पायजे?" म्हणून अडवायची. ती होती तोवर आमच्या गल्लीत एक साधी बादली चोरीला गेली नाही. जिनं स्वतः दुसऱ्याचा प्लॉट बळकावला होता ती आमची राखण करत होती, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी एकदा तिला विचारलं, "खाला, तुमच्या दारात तुळस कशी?"

"कॉलनी तुमची हाय ना," ती म्हणाली. "पडेगावच्या ताब्यावर बसले व्हते तवा दारावर हिरवं कापड व्हतं. शेठ म्हनतो, शेजाऱ्याला आपलं वाटलं पायजे." मग डब्यात तांब्याभर पाणी ओतून म्हणाली, "तिला काय म्हाईत कोन पानी घालतंय. तहान लागली की पेती बिचारी."

ती मला टेलरबाई म्हणायची. आमच्या ह्यांचं नाव तिनं खाकरेसाहेब ठेवलं होतं, कारण तिच्यासमोरून जाताना हे घसा खाकरून मान वळवायचे. "टेलरबाई, तुझ्या साहेबाला आडुळशाचा काढा दे. माझ्या दारावरून जाताना लई तरास व्हतो त्याला." कशालाच चांगलं म्हणायचं नाही हा तिचा एक विशेष. दिवाळीला मी अनरसे दिले, तर खाऊन झाल्यावर म्हणाली, "तूप कडू न्हवतं." माझ्या मशीनवरच्या कामाला म्हणायची, "उसवंल तवा बगू." कागदावर तर तिचा अजिबात विश्वास नव्हता. "कागद कपाटात ऱ्हातो," म्हणायची, "चूल जिमिनीवर ऱ्हाती."

दोरीवरचे फ्रॉक रोज धुतलेले दिसायचे, पण पोरी काही दिसेनात. मला वाटलं मामाकडं असतील. बरेच दिवस गेल्यावर विचारलंच. खाला कपडे पिळत होती, वर न बघता म्हणाली, "पोरी नायत गं. कपडे हायत."

बाजारातून विकत आणलेले. लेकराचे कपडे दोरीवर दिसले की येणारा मालक अर्धा तिथंच गार होतो, म्हणाली. ज्या प्लॉटवर बसायची तिथं ते वाळत घालायची. कुठल्याही अंगावर न गेलेले ते फ्रॉक ती रोज साबण लावून धुवायची, कारण न मळलेला कपडा लांबूनही ओळखू येतो आणि धुतल्याशिवाय कपडा जुना होत नाही. मी म्हटलं, "खाला, हे पाप आहे." ती म्हणाली, "व्हय." आणि फ्रॉक झटकून दोरीवर टाकला.

पुढं एके दिवशी तेच दोन्ही फ्रॉक घेऊन ती माझ्या ओट्यावर आली. खालून पट्टी लावून लांब करून दे म्हणाली. मला कळेना. "कशाला?"

"दोन वर्सं झाली हितं येऊन. लेकरं वाढनार का नाय?"

म्हटलं तर धंद्याचीच अक्कल. कुणी लक्ष ठेवून असेल तर दोन वर्षं एकाच मापाचे फ्रॉक कसे चालतील? पण मी टेप काढला तर ती म्हणाली, थोरलीचा वीतभर वाढव, धाकटीचा चार बोटं पुरं, ती अंगानं बारीक हाय. मी मान वर करून तिच्याकडं बघितलं. ती दोऱ्याच्या रिळांचे रंग बघत होती. मी वीतभर आणि चार बोटं पट्टी लावून दिली.

खाला मूळची देवगाव रंगारीची. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही, एक भाऊ होता. तो वारला त्याचा फोन माझ्याकडं आला. बसनं जायला फार वेळ लागत नाही. खालानं शेठच्या माणसाला निरोप दिला, तो म्हणाला, दुसरी बाई बसवतो, तोवर हलू नको. ताब्याचा पहिला नियमच तो, जागा रिकामी सोडायची नाही. दुसरी बाई काही येईना. दुपार कलायला लागली. मी म्हटलं, "खाला, तुम्ही जा, मी बसते."

"तू बसलीस तर तू ताब्याची बाई व्हशील," ती म्हणाली. "तुला शोभत नाय."

गेली नाही. मातीची वेळ टळून गेल्यावर तिनं तोंडातला तंबाखू थुंकला, चूळ भरली आणि मला जवळ बसायला सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा ती मनातलं बोलली. शेठनं शब्द दिला होता की हा प्लॉट शेवटचा. हा सुटला की बिडकीनच्या रोडला तिला स्वतःचा तुकडा मिळणार. "लई मोठा नको. एक खोली अन् म्होरं जरा अंगन. मग बग, मी घरी सापडनारच नाय. रोज भायेर जाईन. खुलताबादला जाईन, देवगावला जाईन, उगंच बाजारात फिरून यीन. अन् कवाबी परत आले तरी जागा माझीच." शेठनं याआधीही कितीदा असा शब्द दिला असेल हे मी विचारलं नाही. तिचं तोंड बघून विचारवेना.

वाघ कंडक्टर बायकोला घेऊन आला तो त्यानंतर. आडनाव वाघ, पण माणूस इतका गरीब की स्वतःच्या प्लॉटवर पाऊल टाकताना त्यानं "येऊ का?" म्हणून विचारलं. आधीच दोनदा येऊन, पोलिसांत जाऊन, हात हलवत परत गेलेला. या वेळेला कुणा वकिलानं धीर दिला होता म्हणून कोर्टात दावा लावून आला होता. वाघवहिनी रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या. उन्हानं त्यांचा चेहरा लाल झालेला. खालानं तांब्या नेऊन दिला. पाणी पिता पिता वहिनींची नजर दोरीवर गेली.

"मुली किती तुम्हाला?"

"दोन."

"दिसत नाहीत."

"शाळंत गेल्यात."

वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, लेकराबाळांच्या डोक्यावरचं छप्पर कसं काढायचं आपण?" अगदी शेठला पाहिजे होतं तसंच झालं. कंडक्टर मान खाली घालून उभा. मला दोघांची कीव आली आणि खालाचा राग आला, दोन्ही एकदमच.

पुढच्या खेपेला वहिनी एकट्या आल्या आणि खालाच्या हातात पिशवी दिली. बिस्किटांचे पुडे आणि मखमली रिबिनी, एक लाल, एक निळी. मुलींना द्या म्हणाल्या. त्या बस धरायला गेल्या आणि खाला तरातरा माझ्याकडं आली. पिशवी मशीनवर टाकली. "हे ठेव तुझ्यापाशी. माझ्या घरात नको."

मी म्हटलं, "गल्लीतल्या पोरांना वाटून टाकू."

"बिस्कुटं वाट. रिबिनी नाय वाटायच्या, त्या माझ्या पोरींच्या हायत."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. मी दुसरीकडं बघायला लागले. तिनं रिबिनी उचलल्या, कमरेला खोचल्या आणि गेली. त्या दिवशी माझ्या सगळ्या रागाचं पाणी झालं.

त्या वर्षी ईदच्या आधी तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. सकाळी उठून बघते तर खाला पदर खोचून भिंतीला चुना लावतेय. चुन्यात नीळ कालवलेली. आतून बाहेरून सगळं घर पांढरंशुभ्र. चुलीमागची काजळी खरवडून काढली, दगड घासले. खिळ्यावरची जुनी कॅलेंडरं काढून एकच ठेवलं, चालू वर्षाचं. म्हातारं दार पॉलिश पेपरनं घासून हिरव्या रंगानं रंगवलं. चुन्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून फ्रॉक काढून पेटीत ठेवले. दोरी मोकळी. मी ओट्यावरूनच म्हटलं, "खाला, ओळखू येईना की घर."

"सन हाय," ती म्हणाली. तोंडावर चुना, आणि मी तिला इतकी खुशीत कधी बघितली नव्हती. "बरं दिसतंय ना?" हे तिनं मला विचारलं. तिनं.

त्याच दुपारी कोर्टानं नेमलेला वकील जागेची पाहणी करायला आला. शेठच्या माणसानं खालाला सांगितलं होतं, पाहणी सणानंतर आहे. शेठच्या बाजूचं म्हणणं काय, तर हे कुटुंब इथं वाघानं प्लॉट घ्यायच्या आधीपासून लेकराबाळांसकट नांदतंय. वकिलानं भिंतीला बोट लावलं, बोटाला ओला चुना. चुलीचे दगड स्वच्छ, भिंत स्वच्छ, दोरीवर लेकराचा एक कपडा नाही. खालाच्या सगळ्या वर्षांची सगळी मेहनत तिनं स्वतःच एका सकाळीत पुसून टाकली होती. वकिलानं लिहून घेतलं की बांधकाम नवीन दिसतं, कुटुंब राहत असल्याची खूण नाही. खाला हिरव्या दाराला टेकून उभी होती. दाराचा रंग अजून ओला होता, तिच्या साडीला लागला.

संध्याकाळी शेठ स्वतः आला. मी त्याला एवढ्या जवळून तेव्हाच पाहिलं. ओरडला नाही, हात उगारला नाही. फक्त म्हणाला, "तुला घर दाखवायला बसवलं होतं, जैनाबी. घर करायला नाय." आणि गाडीत बसून गेला.

बिडकीनच्या तुकड्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. ईद झाल्यावर टेम्पो आला. दगड, पत्रे, कळशी, डबे सगळं चढलं. तुळशीचा डबा तिनं माझ्या ओट्यावर आणून ठेवला, म्हणाली, आता हिच्या जागी काय ठेवायला लावतील कुनाला म्हाईत. मी तिचा हात धरला. विचारलं, "खाला, मुद्दाम केलंत का हो? वाघांसाठी?" मला वाटत होतं, तिनं हो म्हणावं. ती म्हणाली, "नाय गं. एवढी चांगली नाय मी. इसरले. इसरून गेले की हे माझं नाय."

कोर्टाला वेळ लागला, पण प्लॉट वाघांना मिळाला. शेठला तोवर निवडणुकीचे वेध लागले होते, त्यानं फार ताणलं नाही. आता त्या बाजूला रिकामा तुकडा औषधाला सापडत नाही, सगळीकडं फ्लॅट आणि पार्किंगवरून भांडणं. मी शेंद्र्याला किंवा बिडकीनला जाते तेव्हा बसच्या खिडकीतून मोकळ्या रानातली पत्र्याची घरं बघत जाते, दोरीवर फ्रॉक दिसतात का म्हणून. दिसतात पुष्कळदा. पोरीही असतात त्यांच्याजवळ खेळत.

ती गेल्यानंतर मला दिसली ती एकदाच, वाघांच्या वास्तुशांतीला. वहिनीच म्हणाल्या होत्या, त्या बाईला बोलवा. मुली नव्हत्याच हे त्यांना कोर्टात कळलं होतं. म्हणाल्या, "नसू देत. उन्हाचं पाणी तर तिनं दिलं." शेठची माणसं चहाला बसायची त्या टपरीवरल्या पोराकडून मी निरोप पाठवला आणि येईल असं मला वाटलं नव्हतं.

आली. धुतलेली साडी, केस चापून बसवलेले, तोंडात तंबाखू नाही. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले आणि आत गेली. सगळ्या खोल्यांतून फिरली, कशाला हात न लावता. मांडवात जेवायला बसली नाही, स्वयंपाकघरात भिंतीशी बसली आणि मी मनात हिशेब केला, तिची चूल तिथंच होती. जेवून स्वतःचं ताट घासलं. वहिनींनी विचारलं, "घर कसं झालंय?" खालानं भिंतींवरून नजर फिरवली.

"चांगलं झालंय," म्हणाली. "जुनं व्हायला टाइम लागंल."

वहिनींना ओटी भरायची होती, ती नको म्हणाली. मी फाटकापर्यंत सोडायला निघाले, तिनं हातानंच मला थांबवलं. अंगणातून एकटी गेली. फाटक उघडं होतं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. ते तिनं ओढून घेतलं, आतून कडी घातली आणि घराकडं वळून दोन पावलं परत आली. मग थांबली. मला रडू फुटलं, मी पदर तोंडात धरला. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती परत फिरली, कडी काढली, बाहेर गेली, आणि गजांतून हात घालून कडी पुन्हा लावली. नीट बसलीय का ते ओढून पाहिलं, आणि रस्त्याला लागली.